गणित, कम्प्युटर आणि धंदा तिन्ही आवडतं, मग करिअर कशात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. ओळखीतल्यांची मुलं, त्यांच्या क्लासमधले मित्र, कधी थेट आई-वडील. मी पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलं, तीन वर्षं एका विमा कंपनीत काढली आणि आता किराणा दुकानांच्या एका साखळीसाठी कुठल्या दुकानात कोणता माल किती पाठवायचा, हे बघते. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ताई, तिन्ही विषय एकाच वेळी लागतात असं नेमकं काम कोणतं? एखादं उदाहरण द्या ना.

संकष्टीला उकडीचे मोदक विकणारं एक दुकान घ्या. एका मोदकाला १५ रुपये खर्च येतो, तो ४० ला विकतात, रात्री उरला तर टाकून द्यावा लागतो. येत्या संकष्टीला किती करायचे? वहीतले मागच्या दहा संकष्ट्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावले: ८०, ८५, ९०, ९५, १००, ११०, ११५, १२०, १३०, १५०. सरासरी येते १०७.५. बहुतेक जण सरासरीच्या आसपास करून मोकळे होतात. पण एक मोदक कमी पडला तर २५ रुपयांचा नफा हुकतो आणि एक जास्त झाला तर १५ रुपये पाण्यात जातात. म्हणजे कमी पडणं जास्त महाग आहे. २५ ला ४० ने भागलं की ०.६२५. दहापैकी निदान सव्वासहा वेळा पुरतील इतके करायचे, म्हणजे यादीतला सातवा आकडा: ११५. हे झालं गणित, आणि बारावीच्या पोराला कळेल इतकंच आहे.

आता हाच हिशेब ९० दुकानांचा, प्रत्येक दुकानात हजारभर वस्तू, रोज रात्री, आणि पहाटे गाडी भरायच्या आत उत्तर हवं. इथे कम्प्युटर आला.

मग कोणीतरी विचारतं: त्या दिवशी ८० विकले, म्हणजे गिऱ्हाइकांनी ८० च मागितले, की केलेच होते ८० आणि साडेसहाला संपले? वहीत विक्री लिहिलेली असते, मागणी नाही. ‘संपले’ ऐकून परत गेलेल्या माणसाची नोंद कुठेच नसते. म्हणजे आपण ज्या यादीवर एवढा हिशेब केला ती यादीच कमी सांगतेय. ही शंका सूत्रातून सुचत नाही आणि कोडमधूनही नाही, काउंटरमागे चार संध्याकाळी उभं राहिलं की सुचते. धंदा समजणं म्हणतात ते हे.

२. म्हणजे डेटा सायन्सच ना?

काही अंशी. डेटा सायन्स ही हल्ली कशावरही लावायची पाटी झालीय आणि त्या पाटीखाली निदान पाच-सहा वेगळाली कामं चालतात. विम्याचा हप्ता किती ठेवायचा आणि पुढच्या दाव्यांसाठी पैसा किती राखायचा, हे ॲक्च्युअरी बघतात. कर्ज कुणाला द्यायचं, ते बुडण्याची शक्यता किती, हे बँकेतले क्रेडिट रिस्कवाले. रोखे आणि शेअर यांच्या भावांचं, जोखमीचं गणित क्वांट करतात. तेच विमानाचं तिकीट मंगळवारी स्वस्त आणि शुक्रवारी महाग का, ते प्रायसिंगवाले ठरवतात. गाड्या, गोदामं, कामगारांच्या पाळ्या यांची घडी बसवायची ती ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांनी. आमच्यात नुसतं ओआर म्हणतात.

पदाच्या नावावरून काहीच कळत नाही. एका ठिकाणचा ‘डेटा सायंटिस्ट’ दिवसभर एक्सेलचे रिपोर्ट पाठवतो, तर दुसऱ्या ठिकाणचा साधा ‘ॲनालिस्ट’ अख्ख्या कंपनीचे दर ठरवतो. मुलाखतीत एकच विचारा: मी काढलेल्या आकड्यामुळे दुसऱ्या दिवशी कोण काय वेगळं करतं? समोरचा अडखळला तर ते काम रिपोर्ट पाठवण्याचं आहे असं समजा.

३. तिन्ही सारखंच शिकायचं का?

नाही. एक खोल, दोन कामापुरते. आणि माझं मत विचाराल तर पंचविशीच्या आत खोल जायचं ते गणितात, त्यातही संभाव्यता आणि स्टॅटिस्टिक्समध्ये. कोडिंग नोकरीत शिकता येतं, कारण तिथे ते रोज हातून होतं आणि चुकलं की यंत्र तिथल्या तिथे सांगतं. धंदा तर नोकरीतच शिकता येतो. गणिताचं तसं नाही. घर, पोरं, ऑफिस सांभाळून रात्री अकराला सिद्धता सोडवत बसलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

ज्याला कोडिंगचं वेड आहे त्याने मात्र उलट जावं. वेडाला वळण लावता येतं, ते नव्याने आणता येत नाही.

४. बारावी सायन्सनंतर कुठे प्रवेश घ्यावा? इंजिनिअरिंगच करायला हवं का?

हवंच असं नाही. घरच्यांना पटवायला सोपं जातं, एवढं खरं.

गणिताची खरी भूक असेल तर दोन नावं आधी बघा. पहिलं, भारतीय सांख्यिकी संस्था. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात काढलेली. तिथे बी.स्टॅट. होतं आणि बंगळुरूच्या केंद्रात बी.मॅथ. प्रवेशासाठी संस्थेची स्वतःची परीक्षा असते, त्यात एक पेपर पर्यायांचा आणि दुसरा पूर्ण उत्तरं लिहायचा. दुसऱ्या पेपरला जेईईच्या युक्त्या चालत नाहीत, उत्तर कसं आलं ते मांडावं लागतं. दुसरं नाव चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. तिथल्या बीएस्सी ऑनर्सचं नावच ‘गणित आणि कम्प्युटर सायन्स’ आहे, तीही स्वतःच्या परीक्षेवर.

घराजवळ राहायचं असेल तर चांगल्या कॉलेजातलं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स मला आजही उत्तम सौदा वाटतं. फी आटोक्यात, वेळ हाताशी, आणि नव्या शैक्षणिक धोरणात मेजर स्टॅटिस्टिक्स घेऊन मायनर कम्प्युटर किंवा अर्थशास्त्र जोडता येतं. पण प्रवेशाआधी विभागात जाऊन प्रॅक्टिकल कशावर होतात ते विचारा. अजून फक्त कॅल्क्युलेटर आणि छापील तक्ते चालत असतील तर कम्प्युटरची बाजू तुम्हालाच भरून काढावी लागेल.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसबद्दल प्रश्न ६ पाहा.

५. अकरावी कॉमर्सला मॅथ्स घेऊ की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? सगळे म्हणतात, एसपीत मार्क पडतात.

मॅथ्स. हा प्रश्न विचारावासा वाटला यातच तुमचं उत्तर आलं. एसपीत पडलेले चार जास्तीचे मार्क दोन वर्षांनी कोणी विचारत नाही, पण ‘बारावीला गणित होतं का’ हे पुढची कित्येक वर्षं प्रत्येक अर्जावर विचारतात.

६. एसपी घेऊन बारावी झालीये. आता दारं बंद का?

काही बंद झाली. प्रश्न ४ मधल्या दोन्ही संस्था आणि बहुतेक कॉलेजांचं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स आता हाती लागणार नाही. पण आयआयटी मद्रासची ‘डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स’ ही बीएस पदवी २०२१ पासून सुरू आहे. तिला बारावी कोणत्याही शाखेची चालते, गणित आणि इंग्रजी दहावीला असलं की झालं. जेईई लागत नाही. काही आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात, ती पास झाली की प्रवेश. शिकणं घरून, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. मधेच थांबावं लागलं तरी टप्प्याटप्प्यावर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात पडतो. यूजीसीने २०२२ पासून एकावेळी दोन पदव्यांना मुभा दिल्यामुळे बी.कॉम.सोबतही हे चालतं. त्यात एक प्रोजेक्ट असतो, एखाद्या खऱ्या व्यवसायाचा डेटा मिळवून त्यावर काम करायचं. पोरं काकांच्या मेडिकलची, मामाच्या हार्डवेअरच्या दुकानाची बिलं घेऊन बसतात. मला हा भाग फार आवडतो.

फक्त दोन वर्षं गणित सुटलंय हे विसरू नका. सुरुवातीला अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं सरळ विकत आणून सोडवा, लाजायचं काही कारण नाही.

७. कम्प्युटर इंजिनिअरिंग की एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स) ब्रँच?

कॉलेज तेच असेल तर कम्प्युटर. पाया रुंद राहतो. एआय-डीएस नावाखाली काही ठिकाणी तेच प्राध्यापक, तोच अभ्यासक्रम आणि फक्त नवीन पाटी असते. चार वर्षांत स्टॅटिस्टिक्स किती सत्रं आहे आणि ते शिकवतं कोण, एवढं बघून ठरवा.

८. ॲक्च्युअरी व्हायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं? फार अवघड असतं म्हणतात.

अवघडपेक्षा लांबलचक म्हणा. आपल्याकडे हे क्षेत्र २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्याखाली येतं आणि इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया परीक्षा घेते. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते. पुढे फेलो होईपर्यंत तेरा पेपर: गणित-स्टॅटिस्टिक्स-अर्थशास्त्राचे सात, व्यवहाराचे तीन, मग विशेष विषयांचे तीन.

आपल्या विषयाच्या दृष्टीने गंमत अशी की या परीक्षेत तिन्ही गोष्टी उघड उघड एकत्र आहेत. सीएस१ आणि सीएस२ या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरांचा दुसरा भाग कम्प्युटरवर आर भाषेत सोडवायचा असतो, सीएम१ आणि सीएम२ चा एक्सेलमध्ये. सीबी मालिकेत बिझनेस फायनान्स आणि अर्थशास्त्र. सीपी३ मध्ये तर एखादा किचकट निष्कर्ष सामान्य माणसाला कळेल असा लिहून दाखवावा लागतो. तिथे गणितात पहिले आलेलेही गचके खातात.

मी पाच पेपर पास झाले आणि थांबले. विमा कंपनीत दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, आणि सहा महिन्यांनी ‘परत बसा’ असा निकाल, हे माझ्या स्वभावाला झेपलं नाही. ज्यांना झेपतं त्यांच्या हाताला मात्र काम कायम असतं: प्रत्येक आयुर्विमा कंपनीला नियुक्त ॲक्च्युअरी ठेवावाच लागतो. मुंबईत आयुर्विमा महामंडळासकट मोठ्या विमा कंपन्यांची मुख्यालयं असल्यामुळे आपल्याकडच्या मुलांना घर सोडूनही फार लांब जावं लागत नाही. एक सल्ला: दोन-तीन पेपर पास होईपर्यंत पदवी सोडू नका. फक्त एसीईटीवर नोकरी मिळत नाही.

९. पदवीनंतर तिन्ही जोडणारा एखादा कोर्स आहे का?

अक्षरशः तिन्ही जोडणारा एक आहे. पीजीडीबीए (बिझनेस ॲनालिटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा) हा आयआयएम कलकत्ता, भारतीय सांख्यिकी संस्था आणि आयआयटी खरगपूर यांनी मिळून २०१५ साली सुरू केलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मुलं तिन्ही ठिकाणी आळीपाळीने राहून शिकतात: धंदा एकीकडे, स्टॅटिस्टिक्स दुसरीकडे, कम्प्युटर तिसरीकडे. शेवटी कंपनीत मोठी इंटर्नशिप. जागा मोजक्या, चढाओढ तुफान.

महाराष्ट्रात राहायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्स विभाग आहे, आणि तिथल्याच गणित विभागात औद्योगिक गणिताला कम्प्युटरची जोड दिलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. नावामुळे बिचारा झाकला जातो. आयआयटी मुंबईत तर औद्योगिक अभियांत्रिकी आणि ओआर असा स्वतंत्र विभागच आहे. आयआयटींच्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ द्यावी लागते, तिच्यात गणित आणि गणिती सांख्यिकी असे वेगळे पेपर असतात. बीएस्सी स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी दुसरा घ्यावा.

अर्थशास्त्राकडे ओढा असेल त्यांनी पुण्यातली १९३० सालची गोखले संस्था आणि गोरेगावची, रिझर्व्ह बँकेने उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था ही दोन नावं यादीत ठेवावी.

१०. एमबीए कधी करावं?

दोन-तीन वर्षं काम करून. बीएस्सीनंतर लगेच एमबीएला गेलेल्यांना वर्गात केस स्टडी म्हणजे गोष्ट वाटते, काम केलेल्यांना ती आपल्याच ऑफिसातली भानगड वाटते. माल, वाहतूक, कारखाना यांत रस असेल तर पवईचं आयआयएम मुंबई बघा. १९६३ पासूनचं निटी ते हेच, २०२३ मध्ये नाव बदललं.

आणि एमबीए करायलाच हवं असं नाही. माझ्या टीममध्ये ज्या दोघांना धंदा सगळ्यात जास्त कळतो त्यांच्यापैकी एक जण गोदामातून वर आलाय.

११. कोणती भाषा शिकू? आणि एआयच कोड लिहून देत असेल तर शिकू तरी कशाला?

आधी एसक्यूएल. कंपन्यांचा डेटा टेबलांत असतो आणि तिथून तो काढता आला नाही तर पुढचं सगळं अडतं. मग पायथन. आर स्टॅटिस्टिक्सवाल्यांना आपोआप येते. एक्सेलला नाक मुरडू नका. कोट्यवधींचे निर्णय अजून एक्सेलवर होतात.

एआयचं म्हणाल तर मीही रोज वापरते. मध्यंतरी त्याने दोन टेबलं जोडून दिली, कोड बिनचूक चालला, आणि एका दुकानाची विक्री दुप्पट दिसायला लागली. त्या दुकानाचा जीएसटी क्रमांक बदलला होता, त्यामुळे यादीत ते दोनदा होतं. कोडला त्यात चूक दिसायचं कारणच नव्हतं. एवढी विक्री त्या गल्लीत होणं शक्य नाही, हे माहीत असलेलं माणूस लागलं. कोड लिहायचे कष्ट कमी झालेत. तो वाचून संशय घेण्याइतकी भाषा अजून यावीच लागते.

१२. मला शेअर बाजारात क्वांट व्हायचंय. ऑप्शन्स ट्रेडिंग सुरू करून सराव करू का?

या दोन गोष्टींचा संबंध नाही. क्वांटची नोकरी म्हणजे संभाव्यता, स्टोकॅस्टिक प्रक्रिया (वेळेबरोबर यदृच्छ बदलत जाणाऱ्या गोष्टींचं गणित), वेगवान सी++ आणि मुलाखतीत तोंडी सोडवायची कोडी. घेणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि त्या बहुतेक आयआयटी आणि सांख्यिकी संस्थेतून घेतात. तयारी करायची तर तिची करा.

स्वतःच्या पैशाने ऑप्शन्स खेळायचं तर आधी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास ऐका: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ज्याला खरंच गणित येतं त्याला या आकड्यातून काय घ्यायचं ते कळेल.

१३. प्रोजेक्ट काय करू? सगळे टायटॅनिकचा डेटासेट सांगतात.

टायटॅनिकवर कोण वाचलं आणि कोण बुडालं, हे शोधलेले हजार अर्ज मी वाचलेत. कृपा करा.

लासलगावचा कांदा घ्या. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर क्विंटलमागे मिळतात. दोन-तीन वर्षांचे आकडे उतरवा. लगेच अडचणी दिसतील: रविवार नाही, सणाला बाजार बंद, संपाचे दिवस कोरे, लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच रांगेत. ते निस्तरण्यात निम्मा वेळ जाईल आणि खरं शिक्षण तेच. मग आवकेवरून दराचा अंदाज बांधा. ऑगस्ट २०२३ पर्यंत जरा बरं चालेल. मग ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. तुमच्या मॉडेलला यातलं काही ठाऊक नसणार, ते तोंडावर आपटेल. ते का आपटलं, हे प्रोजेक्टच्या शेवटी एका पानात लिहा. मुलाखतीत मी ते एकच पान वाचते.

कांद्याशी नातं नसेल तर सांगलीची हळद, लातूरचं सोयाबीन, काहीही. ज्याचा भाव घरात जेवताना निघतो ते घ्या.

१४. ‘प्लेसमेंट गॅरंटी’ देणारा क्लास लावू का? दीड लाख फी आहे, पण हप्त्याने भरता येते.

हप्ता क्लासला भरायचा नसतो, बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज निघतं. क्लास सोडला तरी कर्ज सुटत नाही. सही करण्याआधी ‘गॅरंटी’ची व्याख्या कागदावर मागा: किती पगाराची, किती महिन्यांत, आणि नाही मिळाली तर पैसे परत कधी. माझ्या मावसबहिणीला एका क्लासने ‘आम्ही तीन मुलाखती लावून दिल्या, गॅरंटी पूर्ण’ असं सांगितलं. तिन्ही मुलाखती फोनवर विमा विकण्याच्या नोकरीच्या होत्या. अशा क्लासऐवजी प्रश्न ६ आणि १३ मधलं करा, पैसे आणि वर्ष दोन्ही वाचेल.

१५. मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजीची भीती वाटते.

गणिताला अडचण येत नाही, सेमी-इंग्रजीवाल्यांना तर मुळीच नाही. अडतं ते मीटिंगमध्ये. तिथे लांब वाक्यं बोलायला जाऊ नका. आकडा सांगा, तो कुठून आला ते सांगा, काय करायला हवं ते सांगा. तीन छोटी वाक्यं. दुकानांच्या मॅनेजरांशी, गोदामातल्या लोकांशी मराठीत बोलता येणं ही माझ्या टीममध्ये उलट जमेची बाजू आहे (का, ते प्रश्न १८ मध्ये).

१६. सरकारी नोकरीत असं काही आहे का?

आहे. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची वेगळी परीक्षा घेते, पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय किंवा त्यातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी मध्ये सांख्यिकी विभागाची स्वतंत्र भरती असते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. या ठिकाणी ‘धंदा’ म्हणजे नफा नव्हे, धोरण, एवढाच फरक.

१७. वय ३६, बँकेत कर्ज विभागात आहे. आता नोकरी सोडून पूर्णवेळ कोर्स करू का?

नोकरी सोडू नका. तिशीतल्या लोकांकडे तेवीस वर्षांच्या मुलांकडे नसलेली गोष्ट असते: हप्ता चुकण्याआधी गिऱ्हाईक काय करतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सहा महिने एसक्यूएल, मग स्टॅटिस्टिक्सची उजळणी, मग स्वतःच्याच बँकेतल्या रिस्क किंवा ॲनालिटिक्स विभागात बदली मागा. बाहेरून आत शिरण्यापेक्षा आतल्या आत सरकणं सोपं. पगार काही काळ तेवढाच राहील, हे घरी आधी बोलून घ्या.

१८. गणित बरोबर, कोड बरोबर, डेटाही बरोबर. तरी निर्णय चुकतो असं होतं का?

माझ्या पहिल्याच वर्षी झालं. एका दुकानात श्रीखंडाचा खप दोन महिने सारखा घसरत होता. गुढीपाडवा तोंडावर. मॉडेलने तिथला पाडव्याचा माल निम्म्यावर आणला, मी आकडे दोनदा तपासले, खोट सापडली नाही, माल तेवढाच गेला. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिथल्या मॅनेजरचा फोन: “मॅडम, अहो आमचा फ्रीज बंद होता दोन महिने. परवाच नवीन आला. सगळी गल्ली दारात उभीय, श्रीखंड कुठाय?”

विक्रीचा आकडा शंभर टक्के खरा होता. फ्रीज बंद असल्याचं कुठल्याच टेबलात नव्हतं, कारण टेबल बनवणाऱ्यांपैकी कोणी त्या दुकानात गेलं नव्हतं. मीही नाही. आता आमच्याकडे खप अचानक पडला की माल कापण्याआधी दुकानाला फोन जातो, आणि टीममध्ये नवीन येणाऱ्याला पहिला आठवडा लॅपटॉप मिळत नाही, काउंटरवर उभं राहावं लागतं. कुरकुर करतात, पण राहतात.

१९. आमचं घरचंच किराणा दुकान आहे. नोकरी न करता यातच हे वापरता येईल का?

येईल, आणि मोठ्या कंपनीपेक्षा लवकर उत्तर मिळेल. वर्षाची खरेदी वस्तूवार काढा आणि रुपयांच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या थोड्या वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला दिसेल. लक्ष तिथे, बाकीच्यांवर डोकं शिणवू नका. मग उधारीची वही. ती बिनव्याजी कर्जं आहेत. कोण किती दिवसांनी देतं याची सरासरी काढलीत तरी कुणाला किती पुढे जाऊ द्यायचं ते ठरवता येईल. नाशवंत माल किती आणायचा याला प्रश्न १ चं सूत्र जसंच्या तसं चालतं.

पण वडिलांना सूत्र दाखवायला जाऊ नका, भांडण होईल. काउंटरवर एक जुनी वही ठेवा. गिऱ्हाइकाला ‘नाही’ किंवा ‘संपलंय’ म्हणावं लागलं की त्या वस्तूपुढे एक रेघ मारायची, बस. पंधरा दिवसांनी वही वडिलांसमोर ठेवायची. आमच्या ओळखीच्या एका दुकानात पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त रेघा राजगिऱ्याच्या लाडवापुढे निघाल्या. मालक म्हणाले, “तो तर कोणी घेतच नाही, म्हणून आणायचा बंद केला.”